काचेवर हात मारणाऱ्या आई-बाबांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या चीअर जिमच्या व्ह्यूइंग रूममध्ये आठवड्यातून तीनदा काचेला नाक लावून उभे राहणारे समस्त मराठी आई-बाबा,
प्लेनो, फ्रिस्को आणि आसपास, टेक्सास
(बाकीच्या देसी मंडळींना कोणीतरी वाचून दाखवा.)

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मुद्दाम मराठीत लिहितोय. इंग्लिशमध्ये लिहिलं असतं तर ते जिमच्या मालकिणीपर्यंत गेलं असतं, मग मीटिंग, मग सगळ्यांना एक गोडगोड ईमेल, आणि मूळ मुद्दा राहिला असता बाजूला. हे आपल्या घरातलं आहे, घरातच बोलूया.

मागच्या महिन्यात ह्यूस्टनची कॉम्पिटिशन झाली, आपल्या मुलींचा एक स्टंट पडला. रविवारी रात्री चार तास गाडी हाकून आपण सगळे घरी पोचतोय न पोचतोय तोवर ग्रुपवर व्हिडिओ आला, कोणीतरी बसून स्लो मोशन केलेला, एका मुलीच्या गुडघ्याभोवती लाल गोल काढलेला, आणि खाली "इथे गेला आपला झिरो". ती मुलगी दहा वर्षांची आहे. तिची आई त्याच ग्रुपमध्ये आहे. त्या मेसेजला चौदा अंगठे आले आणि त्यातला एक माझा होता, गॅरेजमध्ये गाडी लावता लावता दिलेला, डोकं न वापरता. दुसऱ्या दिवशी ती मुलगी प्रॅक्टिसला आली नाही. आपण सगळ्यांनी "बरं नसेल तिला" असं म्हणून कॉफी घेतली.

हे पत्र पुढे ठाण्या-पुण्याच्या नातेवाईकांकडे फिरणार हे मला माहितीये, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात. हिट झिरो म्हणजे अडीच मिनिटांच्या रुटीनमध्ये एकही डिडक्शन नाही, म्हणजे चुकीसाठी एकही गुण कापला नाही, कोणी पडलं नाही, कोणाचा हात जमिनीला लागला नाही. शून्य मिळालं म्हणून आई-बाप रडून एकमेकांच्या गळ्यात पडतात असं आमच्या माहितीतलं हे एकच ठिकाण. आणि नाही, ही ती आयपीएलवाली चीअर नाही. २००८ला आयपीएल सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडे चीअरलीडर म्हटलं की चौकार गेल्यावर नाचणाऱ्या गोऱ्या मुली एवढंच चित्र डोक्यात बसलंय, त्यामुळे माझ्या मोठ्या काकांना जेव्हा कळलं की नात चीअर करते तेव्हा त्यांनी फोनवर बराच वेळ गप्प राहून विचारलं, "म्हणजे तिथे पैशाची अडचण आहे का रे?"

त्यांना मी जे सांगितलं ते इथेही सांगतो. ही ऑल-स्टार चीअर, म्हणजे कोणाच्याही टीमला पाठिंबा द्यायला नाचायचं नाही, ही स्वतःच टीम. चोपन्न बाय बेचाळीस फुटांचा स्प्रिंग फ्लोअर, त्यावर वीसएक मुली, उड्या, टम्बलिंग, माणसावर माणूस चढवून केलेले स्टंट, पिरॅमिड, आणि शेवटी डान्स, लेव्हल १ ते लेव्हल ७. सुरुवात तर पुरुषांनी केली. १८९८ला मिनेसोटा युनिव्हर्सिटीत जॉनी कॅम्पबेल नावाच्या एका पोराने फुटबॉलच्या मॅचला गर्दीकडून घोषणा म्हणवून घेतल्या, तिथून ही सगळी गाडी सुटली आणि मुली त्यात आल्या १९२०च्या दशकात. आपल्या टेक्सासचे धाकटे जॉर्ज बुश शाळेत असताना चीअरलीडर होते. आणि हे डॅलस तर याचं माहेरच आहे, लॉरेन्स हर्किमर नावाच्या गृहस्थांनी १९४८ला इथेच नॅशनल चीअरलीडर्स असोसिएशन काढली, पॉमपॉमचं पेटंटही त्यांचंच. २०१०ला कनेक्टिकटमधल्या एका कोर्टाने सांगितलं की कॉलेजच्या हिशेबात चीअर हा खेळ धरता येणार नाही, आणि २०२१ला ऑलिम्पिक कमिटीने चीअरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला पूर्ण मान्यता दिली. म्हणजे खेळ आहे की नाही यावर मोठमोठ्या लोकांचं एकमत नाही, पण माझ्या लेकीची मनगटं बघितलीत तर तुमचं होईल.

काकांना हे सगळं पटलं नाही. पटलं ते एका वाक्याने. म्हटलं, "काका, दहीहंडी आहे ही. फक्त हंडी नाही आणि पाणी मारत नाहीत."

हे मी गंमत म्हणून म्हणत नाही. मी ठाण्याचा, कॉलेज संपेपर्यंत गोविंदा पथकात होतो. आमचं पथक काही टीव्हीवर येणारं नव्हतं, सहा थर लागायचे, एका वर्षी सात लागले तर त्या सातव्या थराच्या गोष्टी आम्ही अजून सांगतो. मी कायम पहिल्या नाहीतर दुसऱ्या थरात. खांद्यावर दोन माणसांचे पाय, तोंड आतल्या बाजूला, वर काय चाललंय ते दिसतच नाही, फक्त वजन कळतं. वजन थरथरलं की समजायचं वरचा पोरगा चढतोय, आणि अचानक हलकं झालं की समजायचं कोसळलं. आमच्या थरात कोणी फोटोत आलं नाही कधी. पेपरात फोटो यायचा तो एक्क्याचा, हंडी फोडणाऱ्या पोराचा. घरी आई विचारायची, "तू कुठेयस यात?" मी बोट ठेवायचो एका पाठीवर, ती माझी असेलच याची खात्री मलाही नसायची.

तर असा माणूस, ज्याने सगळं तारुण्य खालच्या थरात घालवलं, तो डॅलसला येऊन काय करतो? लेक सात वर्षांची असताना तिला फ्लायर म्हणून निवडलं, म्हणजे सगळ्यात वर उभी राहणारी, आणि हा माणूस वेडा झाला.

आपल्या मुली फ्लायर का होतात ते आपल्याला माहितीये. आपली पोरं लहानखुरी, काडीसारखी, कोचला उचलायला सोपी. त्यात टॅलेंट किती आणि आजीकडून आलेली हाडं किती हे देव जाणे. पण व्ह्यूइंग रूममध्ये आपण अशा थाटात उभे असतो जसं काही पोरीने आयआयटी काढलं. मी तर काचेवर हात मारायचो. पाय सरळ नसला की टक टक. हसली नाही की टक टक, आणि मग स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवायचो, हस, हस. आवाज आत जातो की नाही याचा कधी विचारच केला नाही.

फ्लायरबद्दल पुढे बोलतोच, आधी केसांकडे येऊ, कारण तिथे तुम्ही मला सगळे हसता आणि तो हक्क तुमचा आहे.

माझ्या बायकोची हॉस्पिटलची ड्यूटी वीकेंडला असते, त्यामुळे केस माझ्याकडे. पहाटे चार, हॉटेलची खोली, बाथरूमच्या उजेडात मी हातात टीजिंगची फणी घेऊन. सुरुवातीच्या वर्षी पूफ होता, म्हणजे कपाळावरचे केस उलटे विंचरून विंचरून त्याचा डोंगर करायचा, मागे उंच पोनी, आणि पोनीला लावायचा तयार कुरळ्या केसांचा झुबका. आपल्याकडे त्याला सरळ गंगावन म्हणतात, लग्नात नवरीला लावतात तेच, इथे ते दर शनिवारी दहा वर्षांच्या पोरींना लावतात. वर बो. आमच्या शाळेत मुली दोन वेण्या वर दुमडून लाल रिबिनी बांधायच्या, तसलं काहीतरी असेल असं मला वाटलेलं, तर हा बो निघाला माझ्या तळहाताएवढा, खडे लावलेला, पत्र्यासारखा कडक. बो फार मोठे नकोत, साधारण तीन इंच रुंदीच्या आतले हवेत, डोळ्यांवर येता कामा नयेत, आणि चेहऱ्यावर खडे चिकटवायचे नाहीत, असं ऑल-स्टारच्या संघटनेला, यूएसएएसएफला, नियमात लिहावं लागलं. आता नियम कोणासाठी करतात? जे करत होते त्यांच्यासाठी. आणि ते करणाऱ्या मुली नव्हत्या, आपण होतो.

आता फॅशन बदलली. पूफ गेला, हल्ली केस चापून चोपून गुळगुळीत मागे घ्यायचे, पुढे बारीक वेण्या, बो छोटा किंवा नाहीच. तुम्हाला वाटेल सोपं झालं. अजिबात नाही. पहिल्या वर्षी मी शुक्रवारी रात्री सवयीने लेकीच्या डोक्याला खोबरेल तेल लावलं, मसाज केला, माझी आई करायची तसा, झोप छान लागेल म्हणून. सकाळी त्या तेलावर पूफ काही उभा राहीना, हेअरस्प्रेची अख्खी बाटली संपली, शेवटी भांडी घासायच्या साबणाने सिंकमध्ये डोकं धुतलं आणि लेक रडत रडत म्हणाली, "बाबा, बाकीच्यांचे बाबा तेल नाही लावत." आता गुळगुळीत पोनीची फॅशन आल्यावर मी म्हटलं, घ्या, आता तर तेलच पाहिजे! तर नाही, तेल चालत नाही, त्याला चोवीस डॉलरचं जेल लागतं. जे तेलासारखंच दिसतं.

केसांचं हसण्यावारी नेता येतं. मेकअपचं मला जमत नाही. जिमकडून यादी येते, सगळ्यांना एकच, अमुक लाल लिपस्टिक, अमुक ग्लिटर, खोट्या पापण्या. कारण सांगतात की लांबून जजला चेहरा दिसला पाहिजे, आणि ते काही खोटं नाही, स्टेजवर प्रकाश मारतो, भरतनाट्यमलाही आपण डोळे कानापर्यंत काढतोच. पण भरतनाट्यमची पोरगी कार्यक्रम झाला की आधी तोंड धुते. आपल्या पोरी त्याच तोंडाने दिवसभर हॉलमध्ये फिरतात, कारण फोटो, कारण दुसऱ्या जिमच्या मुली बघतायत, कारण आपणच म्हणतो, "राहू दे गं, एवढी सुंदर दिसतेस." आठ वर्षांच्या मुलीला हे वाक्य आपण कुठल्या चेहऱ्याकडे बघून म्हणतोय याचा विचार करा जरा.

आणि युनिफॉर्म. त्या युनिफॉर्मला खांद्याला आणि पोटाला जाळीचं कापड असतं, त्याचं नाव स्किन कलर. कोणाच्या स्किनचा कलर? माझ्या लेकीच्या दंडावर ते कापड असं दिसतं जसं बँडेज बांधलंय. तिच्या टीममधल्या एका काळ्या मुलीच्या आईने दोन वर्षांपूर्वी हे विचारलं होतं मीटिंगमध्ये, शिवाय तिच्या मुलीचे केस त्या गुळगुळीत पोनीत बसवताना मुळापासून तुटतात हेही सांगितलं, आणि आपण सात देसी कुटुंबं तिथे बसलेलो असताना एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही. मी फोनमध्ये बघत होतो. नंतर पार्किंगमध्ये मात्र आपण सगळ्यांनी "बरोबर बोलली हं ती" असं एकमेकांना सांगितलं. पार्किंगमध्ये आपण फार शूर असतो.

त्याच सीझनला माझ्या लेकीने आईला विचारलं की हातावरचे केस काढायचे असतात का. नऊ वर्षांची होती. तिला कोणी चिडवलं नव्हतं बरं का, टीममधल्या गोऱ्या पोरींना कदाचित दिसलेही नसतील ते केस. हे आलं आपल्यातूनच, एका ताईंनी कौतुकाने सांगितलं होतं की त्यांनी मुलीचं लेझर सुरू केलंय, "म्हणजे स्टंटमध्ये हात वर केला की स्वच्छ दिसतं." ताई, तुम्ही ओळखलं असेल स्वतःला. मी रागावून लिहीत नाहीये. तुमच्या मुलीसारखं टम्बलिंग अख्ख्या जिममध्ये कोणाचं नाही, तिच्या हाताकडे बघायला वेळ कोणाला आहे?

आता काही जण म्हणतील, हे सगळं त्या कंपन्यांचं आहे, आपण काय करणार. खरंय, अर्धं खरंय. व्हार्सिटी नावाची एकच कंपनी बहुतेक मोठ्या कॉम्पिटिशन भरवते, तीच युनिफॉर्म विकते, तीच कॅम्प घेते, आणि ती कंपनी २०१८ला एका मोठ्या गुंतवणूकवाल्याकडे गेली, २०२४ला दुसऱ्याकडे. मक्तेदारीवरून केस झाली होती, आई-बापांसारख्या पैसे भरणाऱ्यांच्या वतीने, ती २०२४ला आठ कोटी पंचवीस लाख डॉलरवर मिटली, चूक कबूल न करता. ऐकल्यावर आपल्या ग्रुपवर पहिला प्रश्न काय आला? "आपल्याला किती मिळतील?" दुसरा प्रश्न, समिटच्या हॉटेलचं बुकिंग कधी उघडतंय. समिट म्हणजे मे महिन्यात ऑरलँडोला डिस्नेच्या आवारात होते ती, तिथे जायला आधी बिड जिंकावी लागते, आणि बिड जिंकली म्हणजे काय तर बहुतेक वेळा स्वतःच्या खर्चाने तिथे जायचा हक्क मिळाला. माझ्या वडिलांना हे मी तीन वेळा समजावलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "म्हणजे बक्षीस म्हणून बिल देतात." मी पुढे बोललो नाही.

माझा वर्षाचा खर्च मी इथे लिहिणार नाही, कारण हे पत्र बायकोही वाचेल.

पण कंपनीने मला काचेवर हात मारायला सांगितलं नव्हतं. लाल गोल काढायला कंपनीने सांगितलं नव्हतं. आणि आता फ्लायरचं.

लेक अकरा पूर्ण होऊन बाराव्यात गेली आणि एका उन्हाळ्यात सुटली, चार इंच वाढली. आपल्या सगळ्यांच्या मुली वाढतात, त्यात वाईट काय, तिची आजी ठाण्याहून आली होती ती तर दाराला पाठ लावून उंची मोजून खूश. आणि मी? मी मनात हिशेब करत होतो की आता हिला वर ठेवतील का. मी घरात तूप बंद केलं. रात्रीचा भात बंद केला, सगळ्यांचाच, म्हणजे तिला कळू नये की तिच्यासाठी आहे. तिला कळलं. गाडीत एकदा मी म्हटलं, अगदी सहज, "वर राहायचं असेल तर थोडं लाइट राहायला लागतं ना पिल्लू." आजी तिला चोरून गूळ-तूप-पोळीचा रोल द्यायची आणि मला म्हणायची, "पोरीला उपाशी ठेवून कुठलं मेडल आणणारेस रे?" मी आईवर ओरडलो. आईवर, जी मला पथकाच्या प्रॅक्टिसहून आल्यावर रात्री अकराला गरम भाकरी करून द्यायची, कारण खालच्या थरातल्या पोराच्या पोटात काहीतरी पाहिजे.

ऑक्टोबरात शाळेतून फोन आला की लेक डबा खात नाही, तीन आठवडे झाले, मैत्रिणीला देते. फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. पुढचं इथे लिहीत नाही, डॉक्टर झाले, काउन्सेलर झाली, आता ती ठीक आहे, जेवते, आणि तिच्या परवानगीने एवढं लिहितोय. तिने हा पॅरा वाचलाय आणि एक वाक्य काढायला लावलंय.

पण मी सुधारलो नाही लगेच. जानेवारीत कोचने तिला बॅकस्पॉट केलं, म्हणजे स्टंटच्या मागे उभी राहणारी उंच मुलगी, आणि मी लॉबीत सगळ्यांसमोर त्या चोवीस वर्षांच्या कोचशी भांडलो. तुमच्यातले निम्मे तिथे होते. दोघांनी नंतर पाठीवर थाप मारली, "बरं झालं बोललास." ते मला जास्त लागायला हवं होतं. लेक बॅग घेऊन दाराशी उभी होती. गाडीत बसल्यावर काही बोलली नाही, हायवे लागेपर्यंत. मग म्हणाली, "बाबा, तू ग्लासवर नॉक करतोस ना, तेव्हा मला काउंट्स ऐकू येत नाहीत. पाच वर्षं."

आवाज आत जातो. तुम्हाला सांगून ठेवतो. सगळा जातो.

बॅकस्पॉट काय करते ते मी त्यानंतर पहिल्यांदा नीट बघितलं. ती मागून फ्लायरचे घोटे धरते, काउंट, म्हणजे तालाचे आकडे, मोठ्याने म्हणते, आणि फ्लायर पडली तर तिचं डोकं आणि मान जमिनीला लागू न देणं हे तिचं काम. शाळेतल्या मुलींच्या खेळांमध्ये ज्या अगदी गंभीर दुखापती होतात त्यात चीअरचा वाटा वर्षानुवर्षं सगळ्यात मोठा राहिलाय, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२लाच लिहून ठेवलंय की याला रीतसर खेळ माना म्हणजे ट्रेनर आणि नियम तरी मिळतील. आपण फ्लायर पडली की "झिरो गेला" म्हणतो. ह्यूस्टनला तो स्टंट पडला ना, लाल गोलवाला, तो व्हिडिओ परत बघा, पण गुडघा सोडून खाली बघा. खाली एक उंच मुलगी आहे, बो वाकडा झालाय, दोन्ही हात त्या पोरीच्या डोक्याखाली आहेत आणि स्वतः कोपरावर आपटलीये. ती माझी. व्हिडिओत तिचं तोंड दिसत नाही, पाठ दिसते. ही पाठ मात्र मी शंभर पाठींत ओळखीन.

आमच्या पथकात एकदा पाचव्या थरावरून एक पोरगा थेट खाली आला होता, बारा वर्षांचा. बाहेरच्या कड्यातल्या एका दादाने त्याचं डोकं झेललं, स्वतःचं मनगट मोडून घेतलं. आपल्याकडे नंतर कोर्टकचेऱ्या झाल्या, २०१७ला हायकोर्टात चौदाच्या खालची पोरं चढवणार नाही असं सरकारने लिहून दिलं, तेव्हा गोविंदा मंडळींबरोबर मीही इथून कुरकुर केली होती की काय हे, परंपरा आहे. त्या दादाचं नाव मला आठवत नाही, हे मला हे पत्र लिहिताना लक्षात आलं. पडलेल्या पोराचं आठवतं.

चॅनलव्ह्यूची गोष्ट आपण पार्टीत हसत हसत सांगतो, माहितीये ना, ह्यूस्टनजवळची, १९९१ची. मुलगी शाळेच्या चीअर टीममध्ये यावी म्हणून एका आईने दुसऱ्या मुलीच्या आईची सुपारी द्यायचा प्रयत्न केला, का तर आई गेली की ती पोरगी दुःखात ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, देणार नाही. बेत आधीच पोलिसांना कळला. आपण म्हणतो, बाप रे, काय हे अमेरिकन लोक! नवीन येणाऱ्या प्रत्येक देसी कुटुंबाला आपण ही गोष्ट ऐकवतो आणि मग त्यांना सांगतो की कुठल्या कोचकडे प्रायव्हेट लावला तर पोरगी पुढच्या रांगेत येते.

तर माझं म्हणणं काय. चीअर सोडा असं नाही. मुलींना हे प्राणापेक्षा प्रिय आहे आणि का आहे ते कधीतरी कॉम्पिटिशनच्या हॉलच्या मागच्या बाजूला जाऊन बघा, जिथे पालक नसतात. तिथे त्या कपडे वाळत घालायचे चिमटे रंगवून, त्यावर काहीतरी लिहून, दुसऱ्या जिमच्या अनोळखी मुलींच्या बॅगांना हळूच लावून पळतात. लेकीच्या बॅगेला मागच्या सीझनचे साठ-सत्तर आहेत. एकावर लिहिलंय "नाइस कॅच". तो तिने आतल्या कप्प्यात ठेवलाय.

माझं म्हणणं एवढंच की तो ह्यूस्टनचा व्हिडिओ ज्यांनी टाकला त्यांनी तो काढा आणि त्या मुलीच्या आईला फोन करा, मेसेज नाही, फोन. मी केला. फार वाईट गेला तो फोन, तरी करा. ट्रायआउट आता मेमध्ये आहेत, त्याआधी कोचला "माझी मुलगी वर पाहिजे" असा ईमेल पाठवायचा असेल त्यांनी तो ड्राफ्टमध्येच ठेवा, मीही दोन वेळा पाठवलाय, त्याने काही होत नाही, फक्त कोचला आपलं नाव पाठ होतं. मिनी आणि युथच्या, म्हणजे लहान वयोगटांतल्या, मुलींना खोट्या पापण्या नकोत आणि जाळीचं कापड प्रत्येकीच्या रंगाचं हवं, हे मी मालकिणीला लिहून देतोय, सोबत तेव्हा मीटिंगमध्ये बोललेल्या त्या आईंचंही नाव आहे, त्यांना मी विचारलं. त्या आधी हसल्या, दोन वर्षांनी का, म्हणाल्या. खाली सह्यांना जागा आहे. पार्किंगमध्ये बोलता तेवढंच लिहा.

आणि वजनाबद्दल पोरींसमोर एक शब्द नको. "डाएट" नाही, "लाइट" नाही, "लहानखुरी" नाही, "वाढली हं आता" पण नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

ट्रायआउटच्या दिवशी मी व्ह्यूइंग रूममध्ये नसेन. मागच्या पार्किंगमध्ये झाडाखाली गाडी लावून बसणार आहे, आईने मसाला पाठवलाय, थर्मासभर चहा आणतो. काचेशिवाय दोन तास काय करायचं हे मलाही माहीत नाही, पत्ते आणा कोणीतरी.

कळावे, लोभ असावा.

आपलाच,
एक बॅकस्पॉटचा बाबा

ता. क. ह्यूस्टनच्या हॉटेलातून कोणाची तरी जांभळी टीजिंगची फणी माझ्या बॅगेत आली आहे. घेऊन जा. मला आता लागत नाही, लेक म्हणते तिचे केस ती स्वतः बांधणार, तेल लावून.